स्वमग्न तरुण-तरुणींची ओळख, मैत्री आणि सोयरीक : विदर्भातील खेड्यांसाठी एक मार्गदर्शिका

हे लेखन अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, तरुण-तरुणींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, अमरावती किंवा गडचिरोलीच्या एखाद्या गावात राहून कुणाशी मैत्री करावी, कुणावर जीव जडावा किंवा लग्न करावे असे ज्यांना वाटते, पण ते नेमके कसे करायचे हे कुणीच उलगडून सांगत नाही, त्यांना ते उपयोगी पडावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. स्वमग्नता हा आजार नाही आणि वेडही नाही. मेंदूची जडणघडण जन्मापासूनच थोडी वेगळी असते, त्यामुळे आवाज, स्पर्श, गर्दी आणि माणसांचे न बोललेले इशारे यांचा अनुभव वेगळा येतो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ज्या 21 प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे, त्यात स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान आहे. आपल्याकडे मात्र आज पंचविशी-तिशीत असलेल्या अनेकांचे निदान कधी झालेच नाही. घुमा, एककल्ली, तऱ्हेवाईक अशी नावे ठेवून गावाने त्यांना तसेच मोठे होऊ दिले. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच घडले, कारण गप्प बसणारी मुलगी सगळ्यांना गुणाची वाटते आणि तिच्या गप्प बसण्यामागे काय आहे हे विचारण्याची गरज कुणाला भासत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. अडचण फक्त स्वमग्न माणसात असते, असे समजण्याचे कारण नाही. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये असे मांडले की, स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळायला जड जाते तसेच इतरांनाही स्वमग्न माणसाचे मन कळत नाही, आणि गैरसमजाची जबाबदारी दोन्ही बाजूंची असते. म्हणूनच पुढे जे सांगितले आहे ते निम्मे तुमच्यासाठी आणि निम्मे तुमच्या आई-वडिलांसाठी, मामा-मावशींसाठी आणि मध्यस्थांसाठी आहे. जे नियम बाकीचे लोक न बोलता पाळतात ते तुमच्यापुढे उघड शब्दांत मांडले जावेत, हा तुमचा हक्क आहे.

आधी स्वतःची ओळख

कोणत्याही सोयरिकीच्या आधी एक वही घ्या आणि त्यात स्वतःविषयी लिहा. कोणता आवाज सहन होत नाही, कोणता वास आल्यावर जेवण जात नाही, कुणी अचानक खांद्यावर हात ठेवला तर काय होते, दिवसातून किती वेळ एकटे राहावे लागते, कोणत्या विषयावर तासन्‌तास बोलता येते, राग येण्यापूर्वी शरीरात कोणती खूण उमटते, हे सगळे त्यात यावे. मग दुसऱ्या पानावर, आपल्याला नेमके काय हवे आहे ते लिहा. काहींना लग्न हवे असते, काहींना फक्त एखादी जिवाभावाची मैत्री पुरते, काहींना शरीरसंबंधांची ओढच नसते. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि घरच्यांनी ती वाचून वाद घालू नये. ही वही पुढे फार कामाला येते, कारण ऐन वेळी शब्द सुचत नसले तरी आधी लिहिलेले वाचून दाखवता येते.

निदान करून घ्यायचे असेल तर जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा नागपूर, यवतमाळ, अकोला, सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागात चौकशी करावी. निदानानंतर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र मिळू शकते. प्रमाणपत्र नसले तरी पुढच्या सूचना पाळता येतात.

ओळख कुठे व्हावी

शहरातल्यासारखे दोघांनी चहाला भेटणे खेड्यात सोपे नसते. बसस्टँडवर मुलगा आणि मुलगी पाच मिनिटे बोलताना दिसले तर ती बातमी त्यांच्या आधी घरी पोहोचते, आणि त्याची झळ मुलाहून मुलीला अधिक लागते. हे योग्य नाही, परंतु ते आहे, आणि ज्याला इशारे चटकन कळत नाहीत त्याने तर ते लक्षात ठेवलेच पाहिजे. म्हणून ओळख कामातून होऊ द्यावी. तालुक्याच्या गावातली अभ्यासिका, संगणक वर्ग, वाचनालय, शेतकरी उत्पादक कंपनीची बैठक, बचत गटाचे काम, पूर्व विदर्भात दिवाळीनंतर रंगणाऱ्या झाडीपट्टी नाटकांची तयारी, अशा ठिकाणी बोलण्याला विषय आपोआप मिळतो. विषय समोर असला की तुमचे बोलणे खुलते, आणि समोरच्या माणसालाही तुमची जाण, नीटनेटकेपणा आणि खरेपणा दिसतो. नुसत्या गप्पांत हे गुण झाकले जातात.

नागपूर, अमरावती, अकोला येथे समाजासमाजांचे वधू-वर परिचय मेळावे भरतात. कर्णकर्कश ध्वनिक्षेपक, हजारभर माणसे, मंचावर उभे राहून नाव, शिक्षण आणि अपेक्षा सांगणे, हे सर्व तुम्हाला झेपेलच असे नाही. मंचावर जाण्याची सक्ती नसते. परिचय पुस्तिकेत माहिती छापून घ्यावी आणि मंच टाळावा, किंवा आयोजकांना आधी सांगून सुरुवातीलाच आपला क्रमांक लावून घ्यावा. कानात कापसाचे बोळे घालायला संकोच करू नये.

मोबाइलवरील संदेश

अनेक स्वमग्न तरुणांना समोरासमोर बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे जाते, त्यामुळे मोबाइल हा त्यांचा मोठा आधार असतो. परंतु सर्वांत गंभीर चुका इथेच होतात, म्हणून या भागावर अधिक वेळ खर्च करणे मला आवश्यक वाटते.

एखाद्या मुलीचा क्रमांक अभ्यासिकेच्या गटातून मिळाला म्हणजे तिने तो तुम्हाला दिला असे होत नाही. आधी समोरासमोर विचारावे : “अभ्यासाबद्दल तुम्हाला मेसेज केला तर चालेल का?” होकार मिळाला तर एक संदेश पाठवावा आणि थांबावे. उत्तर आले नाही तर तीन-चार दिवसांनी, तेही कामाचे असेल तरच, दुसरा पाठवावा. त्यालाही उत्तर नसेल तर तो नकार समजावा आणि पुन्हा लिहू नये. “बघू”, “घरी विचारून सांगते”, “सध्या परीक्षा आहे”, “माझं काही खरं नाही” ही वाक्ये ऐकायला मोकळी वाटतात, पण आपल्या भागात बहुतेक वेळा तो सौम्य नकारच असतो. मुली थेट नकार देत नाहीत, यामागे मोठे कारण आहे : थेट नकारानंतर मुलगा चिडेल, गावात नाव खराब करेल, ही भीती त्यांना लहानपणापासून असते. म्हणून उलगडा हवा असेल तर एकदाच असे लिहावे : “मला अप्रत्यक्ष बोलणे नीट समजत नाही. तुमचे उत्तर नाही असेल तर तसे सरळ सांगा, मला राग येणार नाही आणि मी पुन्हा विचारणार नाही.” आणि मग तो शब्द पाळावा.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. स्त्रीने नको असल्याचे स्पष्टपणे दाखवूनही वारंवार पाठलाग करणे किंवा संपर्क साधत राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार गुन्हा आहे, आणि पहिल्याच दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एकाच माणसाचा विचार दिवसरात्र मनात घोळणे स्वमग्न व्यक्तींमध्ये पुष्कळदा घडते. त्यात तुमचा दोष नाही. मात्र तो विचार तिच्या कॉलेजच्या वाटेवर, तिच्या घरासमोर किंवा तिच्या मोबाइलपर्यंत नेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. अशा वेळी तो वहीत लिहावा, विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला सांगावा. समोरची व्यक्ती अठरा वर्षांच्या आतील असेल तर हा विषय तिथेच पूर्ण थांबवावा.

बदललेली मुलगी, बदलणारा मुलगा

वऱ्हाडातल्या कोणत्याही पारावर आज एक तक्रार ऐकू येते : वावर असलेल्या पोराला पोरगी मिळत नाही. स्वमग्न मुलांच्या कानावरही ती पडते, आणि मग मोबाइलवर अशी माणसे भेटतात जी ठासून सांगतात की मुली फक्त पैसा पाहतात, शिकलेल्या मुली घर मोडतात, पुरुषाने कठोर झाल्याशिवाय त्याला किंमत नाही. ज्याला नेमके आणि ठाम नियम आवडतात त्याला असली भाषणे फार पटकन पटतात, कारण गोंधळलेल्या जगाचा एक सरळ नकाशा मिळाल्यासारखे वाटते. तो नकाशा चुकीचा आहे, हे मला येथे ठामपणे सांगायचे आहे.

मुली कोरडवाहू कापसाच्या घराला नकार देतात, त्यामागे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आईचे आयुष्य असते. पहाटे उठून स्वयंपाक, दिवसभर निंदण किंवा वेचणी, संध्याकाळी पुन्हा चूल, आणि एवढे करून हातात स्वतःचा एक रुपया नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा हक्क 1994 च्या दुरुस्तीने मिळाला आणि देशभर तो 2005 मध्ये आला, तरी बहिणीने हक्कसोड करून द्यावे अशीच अपेक्षा अजून बहुतेक घरांत असते. दुसरीकडे बदलही खरा आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहावे, असा निर्णय राज्य शासनाने घेतला. मुली स्कुटीवर तालुक्याला जातात, बचत गटाचे हिशेब सांभाळतात, पाहायला आलेल्या मुलाला उलट प्रश्न विचारतात.

हा बदल स्वमग्न माणसांच्या फायद्याचा आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. जुन्या साच्यात पुरुषाने चारचौघांत रुबाबात बोलावे, बाजारात घासाघीस करावी, सगळ्यांशी संबंध ठेवावेत अशी अट होती, आणि बाईने वीस माणसांच्या घरात प्रत्येकाचे मन न सांगता ओळखावे अशी. या दोन्ही अटी स्वमग्न माणसाला सर्वांत जड जातात. ज्याला जे जमते त्याने ते करावे, अशी वाटणी मान्य झाली की हे ओझे उतरते. माझ्या पाहण्यातल्या एका घरात कापूस विकायला बाजार समितीत बायको जाते, कारण गाड्यांची रांग, लिलावाचा गलका आणि अडत्यांची ओढाताण नवऱ्याला सोसत नाही. वेचणीच्या दिवशी तो काटा धरतो आणि प्रत्येक बाईचे किलो वहीत असे लिहितो की संध्याकाळी मजुरीवरून एकही शब्द होत नाही. भाकरीही तोच थापतो, सगळ्या एका मापाच्या. सुरुवातीला लोक हसले. आता शेजारचे आपले हिशेब त्याच्याकडून लिहून घेतात.

तेव्हा लग्नाची इच्छा असलेल्या मुलाने काय करावे? स्वयंपाक, धुणी-भांडी आणि स्वतःच्या कपड्यांची निगा शिकावी. बँकेचे खाते स्वतः चालवावे. घरात न्हाणीघर आणि शौचालय नीट असावे. होणाऱ्या बायकोने नोकरी, शिक्षण किंवा गटाचे काम चालू ठेवले तर आपल्याला काय वाटेल याचे खरे उत्तर वहीत लिहावे. आणि कोणतीही मुलगी आपल्याला देणे लागत नाही, हे समजून घ्यावे.

काही स्वमग्न व्यक्तींना ‘पुरुष’ किंवा ‘बाई’ या चौकटीतच आपण बसत नाही असे वाटते, किंवा ओढ स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीची असते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, लिंगभावातील वेगळेपण असलेल्या लोकांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली आणि 2018 मध्ये प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. अशा मुलाला किंवा मुलीला “लग्न झालं की ठीक होते” म्हणून बोहल्यावर उभे करणे म्हणजे दोन आयुष्ये पणाला लावणे आहे. घरच्यांनी ते करू नये.

पाहणीचा कार्यक्रम

आपल्याकडे बहुतेकांची पहिली भेट ही पाहणीच्या कार्यक्रमातच होते, आणि स्वमग्न व्यक्तीसाठी हा अत्यंत अवघड तास असतो. एका घरी मी पाहिलेला प्रसंग सांगते. खोलीत दोन्हीकडची माणसे दाटीने बसली होती, कूलरची घरघर चालू होती, आणि मुलगा आलुपोह्यांतले शेंगदाणे एकेक करून ताटलीच्या कडेला लावत होता. मुलीच्या मामांनी विचारले, “पोराले पोरगी पसंत हाये का?” मुलाने मान वर न करता उत्तर दिले, “मी तिच्यासंग बोललोच नाही अजून, मंग कसं सांगू?” खोली एकदम गप्प झाली. त्याच्या आईचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतल्या दारातून मुलगी म्हणाली, “मलेबी बोलाचं हाये.” मग दोघांना मागच्या अंगणात खाटेवर बसू दिले. त्यांची सोयरीक झाली नाही, पण ती मुलगी नंतर म्हणाली की, तिला पाहायला आलेल्यांपैकी खरा प्रश्न त्या एकट्यानेच विचारला होता.

यातून करण्यासारखे पुष्कळ आहे. मध्यस्थाला आधीच सांगावे की दोन्हीकडून चार-चारच माणसे असतील आणि मुला-मुलीला निदान अर्धा तास स्वतंत्र बोलू दिले जाईल, घरचे दिसतील पण ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर. वैशाखातली दुपार टाळून सकाळची वेळ घ्यावी. खोली, माणसे आणि क्रम यांची कल्पना मुलाला किंवा मुलीला आदल्या दिवशी द्यावी : आधी पाणी, मग ओळख, मग पोहे-चहा, मग प्रश्न. डोळ्याला डोळा भिडवता येत नसेल तर तसे सुरुवातीलाच सांगावे : “मी खाली पाहून बोललो तरी माझे लक्ष तुमच्याकडेच असते.” प्रश्न वहीत लिहून न्यावेत. नोकरी आणि जमीन यांपलीकडचे काही विचारावे : रिकामा वेळ कसा घालवायला आवडतो, राग आला की काय करता, लग्नानंतर काम करायचे आहे का, मुले हवीत का, आणि हे लग्न तुमच्या इच्छेने पाहिले जात आहे का. शेवटचा प्रश्न कधीही गाळू नये. आणि आपण विचारतो तितकेच समोरच्यालाही विचारू द्यावे, आवडत्या विषयावर बोलणे लांबले तर थांबून “तुम्हाला काही विचारायचे आहे का?” एवढे म्हणावे.

निदान सांगायचे की नाही, या प्रश्नावर घराघरांत भांडणे होतात. माझे मत पक्के आहे : साक्षगंधाच्या आधी, आणि शक्यतो दुसऱ्या भेटीत, ते सांगितलेच पाहिजे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून, फसवणुकीने मिळवलेल्या संमतीवर झालेला विवाह न्यायालयातून रद्द होऊ शकतो. परंतु कायद्यापेक्षा मोठे कारण असे की, लपवलेली गोष्ट रोज लपवत राहावी लागते आणि त्या ताणाने स्वमग्न माणूस अक्षरशः झिजतो. सांगताना निदानाचे नाव आणि त्याचा रोजच्या जगण्यातला अर्थ दोन्ही सांगावेत : “मला स्वमग्नता आहे. लग्नाच्या वरातीत मी थांबू शकत नाही, कामावरून आल्यावर मला तासभर एकट्याने बसावे लागते, आणि तुम्ही उदास असाल तर ते मला शब्दांत सांगावे लागेल. सांगितले तर मी ते लक्षात ठेवतो.” स्वमग्नतेचे निदान आहे म्हणून विवाहाला कायद्याने बंदी नाही, विवाह म्हणजे काय हे समजून स्वतः संमती देता यायला हवी.

मुलींसाठी आणि त्यांच्या आईंसाठी

स्वमग्न मुलीचा धोका वेगळा आहे. तिचे मौन होकार समजले जाते. भरल्या खोलीत प्रश्न आला की तिची वाचा बसते, आणि मोठी माणसे “लाजली, म्हणजे पसंत आहे” असे म्हणून पेढा वाटतात. अनेक मुली लहानपणापासून इतरांचे हसणे-बोलणे पाहून तसेच वागण्याचा सराव करतात, त्यामुळे त्या सहज दिसतात आणि घरी आल्यावर दोन दिवस अंथरुणातून उठत नाहीत. आईने किंवा मोठ्या बहिणीने कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, शांत वेळी, एकटीला विचारावे, आणि उत्तर लिहून द्यायला सांगावे. आठवड्याने पुन्हा तोच प्रश्न विचारावा. दोन्ही वेळा स्पष्ट होकार असेल तरच पुढे जावे. लग्नाने स्वमग्नता जात नाही. ती मुलगी लग्नानंतरही तशीच राहणार आहे, आणि सासरी तिला मारझोड किंवा जबरदस्ती झाली तर ती ओरडून सांगू शकेलच असे नाही. म्हणून तिच्या मोबाइलमध्ये माहेरचा एक क्रमांक आणि महिला मदतवाहिनीचा 181 हा क्रमांक असावा, आणि केवळ एक ठरलेले चिन्ह पाठवले तरी माहेरचे माणूस त्याच दिवशी तिच्या घरी पोहोचेल असे ठरवून ठेवावे.

लग्न आणि नंतरचे दिवस

हळद, डीजे, धूर, पंगत आणि तीन दिवसांची जाग हे सर्व घेणे आवश्यक नाही. विशेष विवाह अधिनियम, 1954 नुसार तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी पद्धतीने लग्न करता येते, आणि सत्यशोधक पद्धतीच्या साध्या विवाहाची परंपरा विदर्भाला नवी नाही. सासरी दार लावता येईल अशी एक खोली या जोडप्याला मिळावी; ती नसेल तर लग्नाआधी तिची सोय करावी, सोफा-कपाट नंतर घेता येते.

शरीरसंबंधांबद्दल घरात कुणी बोलत नाही आणि मोबाइलवर जे दिसते ते खोटे असते. कोणता स्पर्श चालतो, कोणता नाही, हे दोघांनी शब्दांत बोलावे, आणि प्रत्येक वेळी विचारावे. पहिल्या रात्रीच काही घडले पाहिजे असा कोणताही नियम नाही. भांडण झाले तर “मला आत्ता बोलता येत नाही, रात्री जेवणानंतर बोलू” एवढे वाक्य दोघांनी आधी ठरवून ठेवावे, आणि ठरलेल्या वेळी खरोखर बोलायला बसावे. बोलवत नसेल तर चिठ्ठी लिहावी. सासूबाईंनाही हे वाक्य माहीत असावे, म्हणजे सुनेने किंवा मुलाने खोलीत जाऊन दार लावले तर तो अपमान वाटणार नाही.

नकार अनेकदा येतील. प्रत्येक नकारानंतर पुढचे स्थळ लगेच पाहू नये; झोप आणि जेवण पूर्वपदावर येईपर्यंत थांबावे. झोप उडाली, खाणे सुटले किंवा जगणे नको वाटू लागले तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते. फोनवर शब्द फुटत नसतील तर वहीत लिहिलेले घरच्या माणसाने वाचून दाखवले तरी चालते.